कुणी न मागितलेले खुलासे

पहाटेच्या बॅचला बेंझिन शिकवत होतो. उजव्या हातात खडू, डाव्या हातात पुस्तक. पुस्तक पडलं. उचलायला वाकलो आणि सरळ होता येईना. पहिल्या बाकावरची पोरं हसली. त्यांचं काही चुकलं नाही. पेंगणाऱ्या पोरांना जागं करायला मी असले काहीबाही प्रकार करत असे. "थांबा" म्हणायला तोंड उघडलं, तर शब्द ओल्या कणकेसारखा बाहेर पडला. तेव्हा हसणं थांबलं. पोरांनी मला उचलून जिन्यावरून खाली नेलं. नेताना माझी डावी चप्पल गळून पडली. ती पडल्याचं मला कळलं नाही, नुसतं दिसलं.

लकवा. डावा हात आणि डावा पाय. चाळिशी नुकतीच उलटली होती.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बायकोला विचारलं, "बीपीच्या गोळ्या चालू होत्या का?" तिनं माझ्याकडे पाहिलं. गोळ्या मी काही महिन्यांपासून आपल्या मनानंच बंद केल्या होत्या. मी त्या बोबड्या जिभेनं सांगायला सुरुवात केली. गोळीनं गुंगी येते, गुंगी आली तर पहाटेची बॅच कशी घ्यायची, सीईटी तोंडावर आलेली, साडेतीनशे पोरांचं वर्ष... डॉक्टर म्हणाले, "बोलू नका, आराम करा." ते पुढच्या खाटेकडे गेले तरी मी बोलतच होतो.

तिथून जो मी खुलासा द्यायला लागलो, तो पुढे कित्येक महिने देत राहिलो. खुलासा हा आमच्याकडचा कचेरीतला शब्द. काही चुकलं की वरून पत्र येतं, अमुक दिवसांत लेखी खुलासा द्या. मला असं पत्र कुणी दिलं नव्हतं.

गंमत अशी की माझ्या खुलाशात खोटं फारसं नव्हतं. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा मी लातुरात एका शाळेवर मास्तर होतो, थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन नांदेडला. आई आधीच गेलेली. गावात वडील एकटे. दगडमातीच्या भिंती आणि वरचं जड मातीचं माळवद, सगळं त्यांच्यावर आलं. त्यानंतर मी शाळेत रजा टाकून पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या गावच्या दहावीच्या पोरांना शिकवायला जाऊ लागलो. पोरं बऱ्या मार्कांनी पास झाली. पुढच्या साली त्यांचे आईबाप त्यांना घेऊन लातूरला माझ्या दारात आले, आणि त्यातूनच क्लास उभा राहिला. मग लातूर पॅटर्नचा बोलबाला झाला, परभणी-बीडपासूनची पोरं पेटी आणि वळकटी घेऊन यायला लागली, मी शाळा सोडली, एका बॅचच्या चार बॅचा झाल्या. भूकंप पहाटे झाला होता, तेव्हापासून त्या वेळेला माझा डोळा उघडायचाच. छताकडे बघत पडून राहायचो. म्हटलं, जागाच आहे तर शिकवू या. पहाटेची बॅच अशी सुरू झाली. जेवण उभ्याउभ्या, दोन बॅचच्या मधे भजी आणि चहा, चालणं म्हणजे फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंगावर चरबी चढली, जिन्यात धाप लागू लागली.

"भूकंपानं माझी झोप नेली आणि क्लासनं शरीर," असं मी सगळ्यांना सांगायचो. भेटायला येणारे मान हलवायचे. एखाद्या बाईच्या डोळ्यात पाणी यायचं. ते वाक्य मला बोलताना इतकं बरं वाटायचं की ते घोटून घोटून माझी जीभ सुधारली. पाय होता तिथंच होता.

अक्का आम्हाला नांदेडला घेऊन गेली. आमचं लातूरचं घर दुसऱ्या मजल्यावर, तिचं तळमजल्यावर. शिवाय व्यायाम करून घेणाऱ्या एक मॅडम तिच्याच कॉलनीत राहत. महिना-दीड महिना बायको माझ्यासोबत राहिली. मग तिला परतावं लागलं. मुलीची शाळा होती आणि क्लास बंद पडायच्या बेताला आला होता. बायको रसायनशास्त्रात माझ्याइतकीच शिकलेली, पण इतकी वर्षं तिनं माझ्या पोरांचे पेपर तपासले, बस. निघताना ती म्हणाली, "बॅच मी घेऊ का?"

"घे की," मी म्हणालो.

तिच्या रिक्षाचा आवाज गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडलो. त्या दिवशी एक नवा खुलासा तयार झाला. बायको जवळ नाही, माणसाला उभारी कशी येणार?

मॅडम दिवसाआड यायच्या. देगलूरकडच्या होत्या, बोलण्याला तेलुगूचा हेल. तिशीच्याही आतल्या असतील. त्यांनी व्यायाम ठरवून दिले होते: पडल्यापडल्या पाय उचलायचा, टाच ओढायची, खुर्चीतून उठायचं, वॉकर धरून खोलीत फिरायचं. त्या येत नाहीत त्या दिवशी मी आपला आपण करायचं. त्या आल्या की विचारायच्या, "सर, काल केलं का?"

"मॅडम, त्याचं असं झालं..."

भारनियमन होतं, पंखा नव्हता. रात्री गुडघा ठणकला. पाहुणे आले होते. अक्काचं डोकं दुखत होतं, तिला हाक कशी मारायची? मॅडम भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत ऐकून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "सर, तुम्ही बोलू लागलात की अर्धा तास जातो. आपला वेळच पाऊण तासाचा आहे."

मी दुखावलो. दाजी कचेरीतून आल्यावर त्यांना सांगितलं, "ही बाई काही खरी नाही, पेशंटचं ऐकून घेत नाही." दाजी म्हणजे अक्काचे यजमान, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी शर्ट खुंटीला अडकवला, माझ्याजवळ आले आणि मला लघवीला न्यायला हात पुढे केला. लेंग्याची नाडी तेच सोडत. मी बोलत राहायचो, म्हणजे तो क्षण उरकायचा.

त्या दिवसांबद्दल लिहिताना आजही हात थबकतो. सकाळी डोळा उघडला की डाव्या कुशीला कुणाचा तरी हात पडलेला असायचा. क्षणभर वाटायचं, अंथरुणात कोण आहे? मग कळायचं, आपलाच. मी तो उजव्या हातानं उचलून पोटावर ठेवायचो. जड आणि गार. लातूरहून फोन यायचा, तो अक्का आतल्या खोलीतून ओरडून सांगायची: सराव परीक्षेचा निकाल चांगला लागला, मॅडम छान शिकवतात असं पोरं म्हणतात. मॅडम म्हणजे माझी बायको. मी म्हणायचो, "हाव, चांगलं झालं," आणि पांघरूण तोंडावर ओढून घ्यायचो. मरावं असंही वाटून गेलं. पण त्यालासुद्धा गोदावरीच्या पुलापर्यंत चालत जाता आलं पाहिजे, आणि मला तर व्हरांडा लांब पडत होता. वॉकर समोर दिसला की चीड यायची. "हे लोढणं माझ्या डोळ्यांपुढून काढा," मी दाजींना म्हणालो. त्यांनी तो व्हरांड्यात नेऊन ठेवला. मॅडम येतील तेव्हाच आत आणायचा, असं ठरून गेलं.

मे महिन्यातला सोमवार होता. अक्काचा सोमवार कडक असायचा. तिला शुगरचा आजार होता, सकाळी इंजेक्शन घ्यायची, आणि तरी उपास सोडायची नाही. दाजी बोलून दमले होते. त्या दुपारी ती बैठकीत माझ्या खाटेशेजारी जमिनीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. कूलरचा घरघराट चालू होता. ती काहीतरी सांगत होती, शेजारच्या मुलीच्या सोयरिकीचं. सांगता सांगता तिचं बोलणं भरकटलं. "अप्पा आले का?" असं तिनं विचारलं. अप्पा म्हणजे आमचे वडील.

"अक्का?"

तिचा चेहरा घामानं थबथबला होता. शेंगा सोलणारी बोटं हवेतच हलत होती. मग ती एका अंगावर कलली आणि भिंतीला टेकून खाली घसरली.

शुगर उतरली, हे मला कळलं. आधी एकदा असं झालं होतं, तेव्हा दाजींनी तिच्या ओठांच्या आत साखर चोळली होती. मी खाटेवरून पाहिलं होतं. साखर स्वयंपाकघरात. फोन आतल्या खोलीत, त्याच्याही पलीकडे. मी ओरडलो. परत ओरडलो. सगळ्या कॉलनीत खिडक्या बंद आणि कूलर चालू. माझा आवाज मलाच नीट ऐकू येईना.

खाटेवरून पाय खाली सोडले आणि उठायला गेलो तो आडवा झालो. हनुवटी फरशीवर आपटली. उजवं कोपर टेकवायचं, अंग ओढायचं, डावी बाजू मागून ओल्या पोत्यासारखी यायची. असा मी स्वयंपाकघराकडे निघालो. आणि सगळा वेळ मी बोलत होतो.

"येऊन राहिलो गं अक्का. थांब. पायात ताकदच न्हाई, काय करू? मॅडम परवा आल्याच न्हाईत. वॉकर दाजींनी तिकडं नेऊन ठेवला, मी काय करणार? तुला किती वेळा सांगितलं उपास करू नको..."

मधेच माझा आवाज माझ्या कानावर आला. खोलीत ऐकणारं कुणी नव्हतं. बहीण शुद्ध हरपून पडली होती आणि मी तिला कारणं सांगत होतो. ती मरायला लागली तरी मी कारणं सांगत होतो. वॉकर मीच न्यायला लावला होता. मॅडम परवा आल्या होत्या. मीच झोपेचं सोंग घेऊन त्यांना परत पाठवलं होतं. माझं तोंड बंद झालं. एकाएकी फक्त कूलरचा आवाज आणि माझी धाप उरली.

स्वयंपाकघर एक पायरी खाली होतं. तिथून मी अक्षरशः गडगडलो. साखरेचा डबा ओट्यावर, मागच्या बाजूला. उजव्या हातानं ओट्याची कड धरून स्वतःला वर ओढलं. उभा राहिलो. आता हात सोडल्याशिवाय डबा घेता येईना, आणि हात सोडला की पडणार. पोट ओट्यावर दाबलं, हात सोडला, डबा ओढला, आणि डब्यासकट खाली आलो. झाकण उडालं, साखर फरशीभर झाली. परत जायचं तर हात मोकळा हवा. म्हणून मुठीमुठीनं साखर शर्टाच्या खिशात भरली आणि पायरीकडे वळलो. ती पायरी चढताना मी काय केलं ते मला सांगता येणार नाही. कपाळ टेकवल्याचं आठवतं. दातांत काहीतरी धरल्याचं आठवतं, बहुतेक पडदा.

अक्काच्या ओठांच्या आत चिमूटचिमूट साखर चोळली. तिची जीभ जरा हलली. आणखी चोळली. ती गिळत होती. मी तिच्याशेजारी फरशीवर पडून तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तू खाली कामून पडलास रे?"

मी हसलो की रडलो, नक्की आठवत नाही.

संध्याकाळी दाजी आले. तोवर शेजारीण येऊन गेली होती, अक्का उठून चहा पिऊन बसली होती, माझ्या कोपराला हळद लावली होती. दाजींना सगळं कळलं. ते अक्काजवळ बसले. मी आपला सुरू झालो, "दाजी, मला जरा वेळच लागला, त्याचं काय झालं की..."

"तुम्हाला कुणी काही म्हणलं का?" दाजींनी विचारलं. रागानं नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं.

"न्हाई."

"मग?"



असं वाटेल की त्या दिवसापासून माझी गाडी रुळावर आली. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी अंग इतकं ठणकत होतं की मला कूस बदलता येईना. त्याच्या पुढच्या दिवशी मॅडम आल्या, म्हणाल्या, "सर, काल केलं का?" मी तोंड उघडलं. कोपर सुजलंय, परवा असं असं झालं, हे अगदी जिभेवर होतं, आणि ते खरंही होतं. मी म्हणालो, "न्हाई केलं."

मॅडम वाट पाहत राहिल्या. पुढचं काही येत नाही हे लक्षात आल्यावर जरा गोंधळल्या. "बरं," त्या म्हणाल्या, "मग आता करू."

त्या दिवशी आम्ही पाऊण तास व्यायाम केला. माझा पाय खाटेपासून वीतभरही उचलला गेला नाही.

पुढचे महिने आधीपेक्षा वाईट गेले. कारणं होती तोवर मी भूकंपानं आणि कामानं झिजलेला एक माणूस होतो, लोक मला मान द्यायचे, मीही स्वतःला द्यायचो. कारणं सांगणं सोडलं आणि उरला तो उचलला न जाणारा पाय. त्याच्याकडे बघवत नसे. वॉकर खाटेशी आणून ठेवायला सांगितला. फाटकापर्यंत जायला लागलो, पडायला लागलो. एकदा फाटकातच पडलो, लेंगा ओला झाला, समोरच्या घरातली माणसं धावली. त्यांना सांगावंसं वाटलं की मी असा नव्हतो, माझ्या हाताखालून इतके डॉक्टर बाहेर पडले. ते गिळलं. 

आणि एक झालं. व्यायाम करताना तोंड बंद असल्यामुळे मनात अप्पा येऊ लागले. त्यांच्या मरणाबद्दल मी प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक पाहुण्याला सांगितलं होतं. माझ्या खुलाशातलं ते पहिलं कलम होतं. पण आठवण म्हणून ते मला भेटतच नव्हते. आता टाच ओढता ओढता दिसायचे. अंगणात उकिडवे बसून लिंबाच्या काडीनं दात घासताना. मला एसटीत बसवून, गाडी वळेपर्यंत उभे राहताना. जूनमधल्या एका सकाळी खुर्चीतून उठायचा व्यायाम चालू असताना मला रडू फुटलं आणि आवरेना. मॅडमना वाटलं, दुखतंय. मी मान हलवून नाही म्हणालो. अक्का आतून आली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, तिला कळलं. तीही बसली. इतक्या वर्षांत आम्ही भावंडं अप्पांसाठी एकत्र कधी रडलोच नव्हतो. ती नांदेडला होती, मी पत्र्याच्या शेडमध्ये फळा टांगत होतो.

रविवारी बायकोचा फोन यायचा. आता मी वॉकर धरून आतल्या खोलीपर्यंत स्वतः जाऊ लागलो होतो.

"आज चाललात का?" तिनं विचारलं.

"नाही."

ती थांबली. मीही थांबलो. तारेवर नुसती खरखर.

"हॅलो? आहात ना?"

"आहे."

"का नाही चाललात?"

"नाही चाललो. उद्या बघतो."

 मग ती म्हणाली, "किती दिवसांनी तुम्ही मला काही समजावून सांगितलं नाही." तिचा आवाज ओला झाला होता. मी विचारलं, "पोरांना आता काय शिकवतेस?" ती सांगू लागली. कुठल्या धड्याला पोरं अडतात, कुठं तिचं स्वतःचं अडतं. मी ऐकलं. मला जळजळ झाली, ती आजही थोडी होते, पण मी ऐकलं.

दिवाळीनंतर लातूरला परत आलो, तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरात. वर्गाचा जिना मला चढता येत नाही. डावा हात तसाच राहिला. बोटं मिटतात, उघडत नाहीत. क्लास बायकोच चालवते, दारावरची पाटी आता तिच्या नावाची आहे. मी खालच्या खोलीत खुर्ची टाकून बसतो, ज्यांना काही अडलंय ती पोरं येतात. दोन्ही वेळा चालायला जातो, काठी घेऊन. काही सकाळी पाय लाकडासारखा असतो आणि वाटतं, हे सगळं कशासाठी. अशा सकाळी जाणं होत नाही. मग दिवसभर ते टोचत राहतं, आणि त्याला लावायला माझ्याकडे काही मलम नसतं.

मागच्या आठवड्यात क्लास सुटायच्या वेळी रस्त्यावर होतो. सायकलींचा लोंढा आला, मी बाजूला सरकलो, काठी खड्ड्यात गेली आणि सगळ्या पोरांसमोर पालथा पडलो. कुणीतरी सायकल टाकून धावलं. दोघी-तिघींनी उचललं. एक मुलगी माझ्या शर्टवरची माती झटकत होती.

"सर, काय झालं?"

सायकली आल्या, खड्डा होता, हा पाय असा आहे. सगळं तोंडापर्यंत आलं होतं.

"पडलो," मी म्हणालो.

ती काठी माझ्या हातात देऊन गेली. घरी येऊन मी तोंड झाकून पडलो, संध्याकाळचं चालणं झालं नाही. बायकोनं गुडघ्याला मलम लावलं, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी उठलो तेव्हा गुडघा सुजलेला होता. चौकापर्यंत गेलो आणि परत आलो.